ऑप्शन फॉर्म कुणी भरायचा?

वाचकाचे पत्र : माझी मुलगी 17 वर्षांची आहे. बारावी विज्ञान झाली आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात तिला 93 च्या आसपास पर्सेंटाइल मिळाले. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. मिस्टर पतसंस्थेत नोकरीला आहेत, थोडी शेती आहे आणि मी घरी शिवणकाम करते. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. मुलीचे म्हणणे असे, की इंजिनिअरिंगची कॉलेजे मीच शोधणार, मीच ठरवणार आणि फॉर्मही मीच भरणार. तिने एका वहीत कॉलेजांची यादी केली आहे, त्यात पुण्याची नावे जास्त आहेत. तिच्या वडिलांना ती कराडमध्येच राहायला हवी आहे. पुण्याला आयटीत असलेले माझे दीर म्हणतात, की कॉम्प्युटरशिवाय दुसरे काही घेऊ नका. तिने यादीत इलेक्ट्रिकल वर ठेवले याचे त्यांना हसू आले. एका क्लासवाल्यांनी पैसे घेऊन फॉर्म भरून देण्याची तयारी दाखवली आहे. थोरल्या मुलाच्या वेळी सगळे आम्हीच ठरवले होते. तो मेकॅनिकल झाला आणि आता स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. "दादाचं काय झालं ते बघितलंत ना," असे मुलगी ऐकवते, तेव्हा आमच्याकडे उत्तर नसते. या वयाच्या मुलीवर एवढा मोठा निर्णय सोडावा का? आणि कॉलेज बघायला आम्ही बरोबर जावे की तेही तिच्यावरच सोडावे?

उत्तर :

ताई, नमस्कार.

कॉलेजांचा शोध पूर्णपणे मुलीने घ्यावा आणि ऑप्शन फॉर्ममधला, म्हणजे कॉलेज आणि शाखा यांची पसंती कळवायच्या अर्जातला, क्रमही तिनेच लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी तिला काही गोष्टी घरातून कळायला हव्यात. त्या तिला कोणत्याही संकेतस्थळावर सापडणार नाहीत आणि तुमच्या पत्रावरून असे दिसते, की त्या तिला अजून कुणी सांगितलेल्या नाहीत. निर्णय तिच्यावर सोडावा की नाही यापेक्षा, निर्णयासाठी लागणारी घरची माहिती तिला दिली आहे का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

तिची ती वही एकदा तिच्या परवानगीने, तिच्या शेजारी बसून पाहा. या वयाच्या मुलांच्या अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत कॉलेजचे नाव, शाखा, गेल्या वर्षीचा कट-ऑफ (म्हणजे किती पर्सेंटाइलपर्यंत प्रवेश मिळाला), कॅम्पस कसा आहे, सीनियर काय म्हणाले, असे रकाने काळजीपूर्वक भरलेले असतात आणि खर्चाच्या रकान्यात बहुधा प्रश्नचिन्ह असते. मुलांना शुल्काचा आकडा सापडत नाही असे नव्हे. आपल्या घराला किती झेपेल हे त्यांना ठाऊक नसते आणि विचारायची चोरी वाटते. आपल्याकडे आईवडील मुलांपुढे पैशाचे बोलत नाहीत. "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू," असे म्हणण्यात माया असते यात शंका नाही. पण ऐन प्रवेशाच्या वेळी त्याच मायेमुळे मुलगी आवाक्याबाहेरची यादी करते आणि मग यादीतली नावे एकेक करून खोडायची वेळ वडिलांवर येते. त्या खोडण्याचे कारण पैसा आहे, हे तरीही कुणी बोलत नाही. कॉलेजला नावे ठेवली जातात, पुण्याच्या हवेला नावे ठेवली जातात आणि मुलीचा समज होतो, की घरच्यांचा आपल्यावर विश्वास नाही.

म्हणून तुम्ही दोघांनी आधी आपापसात बसून एक आकडा ठरवावा : वर्षाला पदरचे किती घालता येतील, कर्ज काढायचे ठरले तर किती आणि दागिना किंवा जमीन यांना हात लावायचा नाही हे पक्के आहे का. मग तो आकडा तिला सांगावा. कर्ज काढले तर सहकर्जदार म्हणून सही तुमच्यापैकी एकाची असणार, त्यामुळे या बाबतीत बोलण्याचा तुमचा हक्क वादातीत आहे. आकडा लहान असला तर संकोच वाटेल, तरीही सांगावा. 17 वर्षांच्या मुलीला तो कळतो आणि बहुतेक वेळा तो कळल्यावर यादी तीच दुरुस्त करते.

हा हिशेब करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. 2024-25 पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत दिली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि इतर मागास प्रवर्गाचा त्यात समावेश आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमची मुलगी त्यात बसण्याची शक्यता बरीच दिसते. तसे असेल तर शासकीय आणि खासगी विनाअनुदानित कॉलेज यांच्या शुल्कातली जी दरी तुम्हाला भेडसावत असेल, ती पुष्कळ कमी होते. मात्र विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बसभाडे, लॅपटॉप हे सगळे उरतेच. पुण्यात राहायचे तर ते वर्षभरात चांगलेच जाणवते. शिवाय ही सवलत व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला मिळत नाही. "कॅपमध्ये नाही लागलं तर मॅनेजमेंटमधून करून देतो," असे सांगणारा कुणी भेटला, तर त्याने न सांगितलेला भाग हा आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि कॉलेजनिहाय आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. माहितीपुस्तिकेतला आकडा त्याच्याशी ताडून पाहण्याचे काम मुलीला सांगा.

आता तिच्या वडिलांविषयी. मुलगी डोळ्यांसमोर राहावी असे त्यांना वाटते, ही भावना मी कमी लेखत नाही. थोरल्या मुलाच्या वेळी ती इतकीच तीव्र होती का, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारावे. त्यानंतरही कराडबाहेर पाठवायचेच नाही असा त्यांचा निश्चय असेल, तर तो त्यांनी आज, फॉर्म भरण्यापूर्वी, तिला समोर बसवून, खऱ्या कारणासह सांगावा. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून चालू आहे आणि तिथे प्रवेश मिळणे हे कमीपणाचे मुळीच नाही. पण मनात काळजी असताना तोंडाने कॉलेजच्या दर्जाचा युक्तिवाद करू नये, कारण ती मुलगी आकडे घेऊन वाद घालील आणि जिंकेल. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे फॉर्म तिला हवा तसा भरू द्यायचा आणि पुण्याची जागा मिळाल्यावर "नाही पाठवत" म्हणायचे. असे घडलेले मी पाहिले आहे. त्यात एक फेरी वाया जाते आणि घरातले बोलणे बंद होते ते निराळेच.

तिच्या शोधात काही उणिवा असतील का? असतील, पण त्या तुम्हाला वाटतात तिथे नसाव्यात. माहिती मिळवण्यात ही मुले आपल्या पुढे आहेत. मनात भरलेल्या कॉलेजविरुद्ध जाणारी माहिती वाचायला मात्र ती तयार नसतात, आणि मोठी माणसे तरी कुठे असतात म्हणा. तिला एवढेच सांगा, की यादीतल्या पहिल्या पाच कॉलेजांची प्रत्येकी एक वाईट गोष्ट शोधून आण. ज्या कॉलेजात वाईट काहीच सापडले नाही, त्याची चौकशी अपुरी आहे असे समजावे.

कट-ऑफच्या याद्या ती कशा वाचते, हेही विचारून पाहा. ही प्रवेशप्रक्रिया राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षांच्या पीडीएफ याद्या असतात आणि त्यांत प्रत्येक आकड्यावर इंग्रजी अक्षरांचा एक संकेत असतो. सुरुवातीचे 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ (बारावी जिथून झाली त्या भागाचे विद्यापीठ), 'ओ' म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे उमेदवार आणि 'एस' म्हणजे राज्यस्तर. तुमचा सातारा जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बहुतेक कॉलेजांत तुमच्या मुलीला 'ओ' चा रकाना लागू होईल. पुण्यातल्या मैत्रिणीने सांगितलेला आकडा 'एच' चा असेल, तर त्याचा हिला काहीच उपयोग नाही. अनेक शासकीय स्वायत्त महाविद्यालयांत जागा राज्यस्तरावर असतात, तिथे हा भेद उरत नाही. हे सगळे ती अर्ध्या दिवसात समजून घेऊ शकेल. शिवाय एका वर्षाच्या यादीवर भिस्त ठेवू नये. निदान दोन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली आणि त्यानंतर कॉम्प्युटर व तत्सम शाखांच्या जागा बऱ्याच ठिकाणी वाढल्या. त्यामुळे जुने आकडे आता जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही.

हीच गोष्ट तुमच्या भाऊजींना थोडी लागू आहे. ते त्या क्षेत्रात आहेत, त्यांचा अनुभव खरा आहे आणि पुतणीची काळजीही खरी आहे. परंतु ते जे पाहतात ते नोकरीत शिरून बरीच वर्षे झालेल्या माणसाच्या जागेवरून पाहतात. कॉम्प्युटरच्या जागा एवढ्या वाढलेल्या असताना एखाद्या नव्याने वाढवलेल्या तुकडीतली कॉम्प्युटरची जागा ही जुन्या, चांगल्या प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजातल्या इलेक्ट्रिकलपेक्षा आपोआप सरस ठरते, असे मला वाटत नाही. मुलीने इलेक्ट्रिकल वर का ठेवले, हे तिला कुणी विचारल्याचे तुमच्या पत्रात कुठेच आले नाही, फक्त हसल्याचे आले आहे. ते तुम्ही विचारा. तिचे उत्तर नीट विचार केलेले असेल तर भाऊजींनाही ते ऐकवा. आणि "सोपं जाईल असं वाटलं" एवढेच असेल, तर तिला आणखी शोध घ्यायला लावा. त्यांच्याकडून एक मदत मात्र अवश्य घ्यावी. त्यांच्या कंपनीत गेल्या दोन-तीन वर्षांत नव्याने लागलेल्या, तिच्या यादीतल्या कॉलेजांतून आलेल्या एखाददुसऱ्या मुलीशी आपल्या मुलीचे फोनवर बोलणे करून द्यावे. भाऊजींनी तासभर दिलेल्या सल्ल्यापेक्षा त्या बोलण्यातून तिला जास्त मिळेल.

नोकऱ्यांच्या आकड्यांबाबत ती सावध आहे ना, एवढे पाहा. जून-जुलैत वर्तमानपत्रांत ज्या पानभर जाहिराती येतात, त्यांत सर्वाधिक पॅकेजचा आकडा सर्वांत मोठ्या टायपात असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. एनआयआरएफ या केंद्र शासनाच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपण दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार (म्हणजे पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला) किती, हे वर्षनिहाय दिलेले असते. त्या तक्त्यातला मध्यक आकडा वहीत लिहावा आणि जाहिरातीतला खोडावा. अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या एनबीए या राष्ट्रीय मंडळाची मान्यता शाखेला असते, संपूर्ण कॉलेजला नव्हे. म्हणून आपल्याला हव्या त्या शाखेला ती आहे का आणि कधीपर्यंत आहे, हे तिने वेगळे तपासावे.

पसंतीक्रमाविषयी मी आग्रहाने लिहितो आहे, कारण घरच्यांचा हस्तक्षेप सर्वांत जास्त नडतो तो इथे. 2025-26 च्या प्रवेशांत कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप गोठवली जात असे. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही मिळाली तरी तेच. आणि मग पुढच्या फेरीचा रस्ता बंद. आता कल्पना करा, की मुलीने आपल्या मनाप्रमाणे क्रम लावला आणि रात्री कुणी तरी "हेही असू दे वर, सेफ आहे," म्हणून एक नको असलेले कॉलेज दुसऱ्या क्रमांकावर घातले. दुसऱ्या फेरीत तेच मिळाले, तर पुढे सुधारणेची संधीच राहत नाही. याउलट मिळण्याची शक्यता कमी असलेले पण मनापासून हवे असलेले कॉलेज सर्वांत वर ठेवल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही, कारण जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होते आणि वरची पसंती मिळाली नाही तर आपोआप खालची पाहिली जाते. म्हणून जे जास्त हवे ते वर, इतका साधा नियम आहे. आणि जिथे जायचेच नाही ते कॉलेज यादीत कुठेच नको. फॉर्मवर 300 पर्यंत पर्याय देता येतात म्हणून सगळे भरायची गरज नाही. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा चालू वर्षाची माहितीपुस्तिका तिने स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचावी. ती वाचायचा कंटाळा करत असेल, तर "मीच ठरवणार" हा तिचा हट्ट तुम्ही थोडा कमी गांभीर्याने घ्यायला हरकत नाही.

क्लासवाल्यांना पैसे देऊ नयेत, असे मला वाटते. जी माहिती ते विकतात ती सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट आहे आणि तुमची मुलगी ती वाचू शकते. कुणाचे मार्गदर्शन घ्यायचेच असेल तर ते ऐकण्यापुरते घ्यावे. लॉगिन आणि पासवर्ड मात्र नेट कॅफेवाला, क्लासवाले, नातेवाईक यांपैकी कुणाच्याही हाती देऊ नये. अर्जात वडिलांचा मोबाइल क्रमांक दिलेला असेल, तर ऑप्शन फॉर्म निश्चित करण्याच्या दिवशी ओटीपी पतसंस्थेत आणि मुलगी घरात असे होऊ नये, याचीही काळजी घ्या.

तुम्ही दोघांनी पूर्णपणे अंगावर घ्यावे असे काम कागदपत्रांचे आहे आणि ते आजच सुरू करावे. जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळाले आहे का? नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध आहे का? अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी आहेत का? यांतले प्रवर्गाचे कागद मुदतीत सादर झाले नाहीत, तर राखीव प्रवर्गातला उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि मग महिनाभर खपून केलेली यादी कवडीमोल होते. सरकारी कचेऱ्यांतले हेलपाटे 17 वर्षांच्या मुलीने का घालावेत? स्वातंत्र्य द्यायचे म्हणून हेही तिच्यावर टाकणारे पालक मला भेटतात, ते मला पटत नाही.

थोरल्या मुलाबद्दल तुम्ही अपराधी स्वरात लिहिले आहे. मेकॅनिकल होऊन स्पर्धा परीक्षांकडे वळलेली मुले महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी ती शाखा स्वतःच निवडली होती. तेव्हा तुम्ही ठरवलेत म्हणूनच हे झाले, असे म्हणता येत नाही. आणि मुलीने स्वतः ठरवले म्हणजे सगळे नीट होईल, असेही नाही. मला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. घरात चार वर्षे इंजिनिअरिंग करून आलेला माणूस आहे आणि त्याला या सगळ्यात कुणीच काही विचारलेले दिसत नाही. प्रयोगशाळेतली यंत्रे खरोखर चालतात की नाही, शिक्षक मध्येच कॉलेज सोडून जातात का, चांगल्या कंपन्या आल्या तेव्हा आपल्या शाखेला बसू दिले का, हे प्रश्न कॉलेजात जाऊन कुणाला विचारायचे हे त्याला ठाऊक असेल. भांडणात त्याचे उदाहरण देण्यापेक्षा बहिणीने त्याच्याशेजारी बसून वही दाखवावी.

कॉलेज पाहायला तुम्ही बरोबर अवश्य जा. सुट्टीच्या दिवशी न जाता कामकाजाच्या दिवशी जा आणि आधीच यादी छाटून दोन-तीन ठिकाणीच जा. प्रवेश कक्षातल्या टेबलाशी तिला पुढे बसू द्या, प्रश्न तिला विचारू द्या. तिथला माणूस तिच्या डोक्यावरून तिच्या वडिलांशी बोलू लागला, तर वडिलांनी "तिलाच सांगा," म्हणावे. नंतर तिला कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींबरोबर अर्धा तास एकटी सोडावी. तोवर तुम्ही मुलींचे वसतिगृह पाहून घ्या. पहिल्या वर्षाच्या मुलींना तिथे जागा नक्की मिळते का की बाहेर खोली शोधावी लागते, रेक्टर रात्री तिथेच राहतात का, उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते, मेसचे पैसे महिन्याचे घेतात की सहा महिन्यांचे एकदम, हे लिहून आणा आणि घरी आल्यावर तिच्या हाती द्या, म्हणजे तिला वहीत भरता येईल.